पायांनी झूम होत नाही

मावसभावाने पहिला कॅमेरा घेतला तेव्हा सोबत १८-५५ एमएमची किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्याबरोबरच मिळणारी साधी झूम लेन्स, आली होती. दोन महिन्यांत ती कपाटात गेली आणि कॅमेऱ्यावर ५० एमएमची प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स, चढली. (एमएमचा आकडा जितका मोठा, तितकी चौकट आवळलेली.) का, तर कुणीतरी त्याला सांगितलं होतं, "झूम लेन्स माणसाला आळशी करते. पाय दिलेत ना देवाने? पायांनी झूम कर." हा सल्ला एकेकाळी मलाही मिळाला होता आणि मीही पुढे दहा-बारा जणांना तो मोठ्या तोऱ्यात दिला असेल. प्राइम लेन्स स्वस्त, हलकी, कमी उजेडात कामाची. ती घ्यायला माझी अजिबात ना नाही. पण त्या सल्ल्यातलं गणित चुकीचं आहे. झूमची रिंग फिरवली काय नि चार पावलं पुढे गेलं काय, समोरची वस्तू फ्रेममध्ये मोठी होते, एवढंच दोन्हींतलं साम्य. बाकी चित्रात जे घडतं ते अगदी वेगळं.

शब्दांवर विश्वास ठेवू नका, स्वयंपाकघरातून स्टीलचे दोन सारखे पेले आणा. टेबलावर एकामागे एक ठेवा, मध्ये एक फूट अंतर. फोन पहिल्या पेल्यापासून एक फुटावर धरा. मागचा पेला आता दोन फुटांवर आहे, म्हणजे पुढच्यापेक्षा दुप्पट लांब, म्हणून फोटोत तो पुढच्याच्या निम्मा येतो. आता फोन तिथेच ठेवून झूम करा. पुढचा पेला दुप्पट झाला, तसा मागचाही दुप्पट झाला. निम्मा होता तो निम्माच राहिला. झूमने फक्त चौकट आवळली; चौकटीच्या आतल्या वस्तूंचं एकमेकांशी असलेलं नातं जसंच्या तसं.

मग झूम पूर्ववत करून पुढच्या पेल्यापासून पाच फुटांवर मागे या. आता मागचा पेला सहा फुटांवर आहे. पाचास सहा, म्हणजे तो पुढच्याच्या ८३ टक्के दिसणार. इथून ५ एक्सपर्यंत झूम करून पुढचा पेला मघाएवढाच मोठा करा आणि दोन्ही फोटो शेजारी ठेवा. पुढचा पेला दोन्हींत सारखा, पण एकात मागचा पेला बारकासा, लांब कुठेतरी उभा. दुसऱ्यात पुढच्याच्या खांद्याला खांदा लावून. हा फरक झूमने केला नाही, तुमच्या पायांनी केला. झूमने नंतर येऊन फक्त कातरकाम केलं.

फोनला टेली लेन्स, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स, नसेल तर पाच फुटांवरून साध्या लेन्सने फोटो काढा आणि नंतर क्रॉप करा. निकाल तोच येतो. "टेली लेन्स अंतर दाबते", "टेलीचं कॉम्प्रेशन" असं आपण बोलतो खरं, पण ही करामत लेन्सच्या काचेत असती तर वाइड, म्हणजे रुंद दृश्य घेणाऱ्या लेन्सचा फोटो कापून ती आली नसती. टेली लेन्स दाबत काही नाही. ती तुम्हाला लांब उभं राहायची मुभा देते. मग क्रॉपच करत बसायचं का? तिथे किंमत पिक्सेलमध्ये मोजावी लागते. दोन पट क्रॉप केलं की रुंदी निम्मी आणि उंचीही निम्मी, म्हणजे २४ मेगापिक्सेलमधले ६ उरतात. चार पट केलं की दीड. फोनवरचा डिजिटल झूम म्हणतात तो मुळात हाच क्रॉप, वर रिकाम्या जागा भरणारं सॉफ्टवेअर.

मावसभावाला हे पेल्यांनी पटलं नाही. पटलं ते शनिवारवाड्यासमोर. बाजीरावांचा अश्वारूढ पुतळा मोठा दिसायला हवा आणि मागे दिल्ली दरवाजा भव्य, अशी त्याची इच्छा. पन्नासची लेन्स, म्हणून पुतळा मोठा करायला तो पुढे सरकला. पुतळा वाढला, पण दरवाजा त्या मानाने वाढेना. आणखी पुढे गेला, तर दरवाजा घोड्याच्या पोटाखाली शिरला. पुतळ्यापासूनचं अंतर निम्मं केलं तर पुतळा दुप्पट होतो. दरवाजापासूनचं अंतर मात्र तेवढ्याने फारसं घटत नाही, म्हणून तो जेमतेम वाढतो. त्याला हवं होतं ते चित्र पाठीमागे होतं, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, आणि तिथून पुतळा फ्रेममध्ये भरायला लेन्स हवी होती १५०-२००ची. "म्हणजे मी इतका वेळ उलट्या दिशेने चालत होतो?" हो बाबा.

माणसांच्या चेहऱ्याचंही हेच. सेल्फीत नाक मोठं येतं, आणि दोष लागतो फोनच्या वाइड लेन्सला. हिशेब करून बघू. नाकाचा शेंडा कानांपेक्षा साधारण १२ सेंटिमीटर पुढे असतो. कोपर वाकवून फोन नाकापासून ३० सेंटिमीटरवर धरला तर कान ४२वर. म्हणजे कानांच्या मापाने नाक ४० टक्के फुगलेलं. तोच फोन दीड मीटरवर नेला तर १५० आणि १६२, फुगवटा ८ टक्क्यांवर येतो, जो कुणाच्या लक्षातही येत नाही. ८५ एमएमला पोर्ट्रेट लेन्स म्हणतात ती यामुळेच. फुलफ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा, कॅमेरा उभा धरून डोकं-खांदे चौकटीत बसवायचे तर ८५ लावल्यावर तुम्हाला सुमारे दीड मीटर मागे जावंच लागतं. २४ लावली तर त्याच चौकटीसाठी माणसाच्या तोंडाशी, ४० सेंटिमीटरवर जावं लागेल. चेहरा देखणा होतो तो त्या दीड मीटरने. श्रेय मात्र सगळं लेन्स खाऊन जाते.

वाइड लेन्सचा स्वतःचा असा एक गुन्हा मात्र आहे आणि तो अंतराच्या नावावर खपवता येणार नाही. लग्नातल्या ग्रुप फोटोत कडेला उभ्या राहिलेल्या आत्याबाई दरवेळी फुगलेल्या येतात. २४ एमएमच्या चौकटीच्या अगदी कडेला गोल चेहरा उंचीच्या मानाने साधारण पाव पटीने जास्त रुंद होतो. रुंद दृश्य सपाट सेन्सरवर सरळ रेषांत पसरवायचं म्हटलं की कडा ताणल्या जाणारच. यावर उपाय दोन: मागे जाऊन ३५-५०वर काढा, नाहीतर कडेला सडपातळ पुतण्यांना उभं करा. मांडवात मागे जायला जागा नसते, त्यामुळे मी बहुधा दुसरा वापरतो.

अंतर आणि चौकट यांचा हा खेळ बातमीतही फसवतो. २०२०च्या एप्रिलमध्ये, कोव्हिडचे निर्बंध असताना, डेन्मार्कमधल्या रिट्झाऊ स्कॅनपिक्स या फोटो एजन्सीच्या दोन छायाचित्रकारांनी कोपनहेगनमध्ये एक साधा प्रयोग केला. तेच लोक, तीच जागा; एकदा लांबून टेलीने, रांगेच्या रेषेत उभं राहून, आणि एकदा वाइडने वेगळ्या कोनातून. पहिल्या फोटोत माणसं एकमेकांना चिकटलेली, दुसऱ्यात व्यवस्थित अंतर राखून उभी. खोटं एकही नाही. आपल्याकडे दिवे घाटातल्या पालखीचे फोटो आठवा. वळणावळणांवर वारकऱ्यांची जी घट्ट विणलेली शाल दिसते, ती समोरच्या डोंगरावरून, लांबून घेतलेली असते. गर्दी असतेच, प्रश्न नाही, पण प्रत्यक्ष घाटात चालताना पुढच्या वारकऱ्याची टाच आणि मोकळा डांबरी रस्ता दोन्ही दिसतात. तिथे दिंडीत शिरून २४ने काढलेला फोटो शालीचा नसतो, एका वीणेकऱ्याचा असतो आणि बाकीची दिंडी त्याच्यामागे पातळ होत जाते. मला स्वतःला हा दुसरा फोटो जास्त आवडतो. पहिला पाहून "केवढी गर्दी" म्हणतो, दुसरा पाहून कोण चाललंय ते कळतं.

अंतराचा सगळ्यात टोकाचा खेळ चंद्राशी खेळावा लागतो. दीपमाळेच्या मागे थाळीएवढा चंद्र, हे फोटो पाहून अनेकांना वाटतं की दोन फोटो जोडलेत. काही वेळा जोडलेले असतातही. पण खरा काढता येतो आणि त्याला लागते ती चाल. आकाशात चंद्राची रुंदी साधारण अर्धा अंश. कुठलीही वस्तू तिच्या उंचीच्या सुमारे ११० पट लांबून पाहिली की चंद्राएवढी दिसते. पावणेदोन मीटरचा माणूस १९० मीटरवरून, १० मीटरची दीपमाळ ११०० मीटरवरून. देवळाच्या अंगणात उभं राहून कितीही महाग झूम लावा, चंद्र दीपमाळेच्या टोकावरच्या टिकलीएवढाच राहणार, कारण झूम दोघांना सारखंच वाढवतं. एक किलोमीटर मागे, शेताच्या बांधावर जागा शोधली की दीपमाळ लहान होते, चंद्र आहे तेवढाच राहतो. आता रिंग फिरवायची. फुलफ्रेम सेन्सरवर चंद्राची प्रतिमा फोकल लेंथच्या, म्हणजे लेन्सवरच्या एमएमच्या आकड्याच्या, एकशेदहाव्या भागाएवढी पडते: ५०वर अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी, ६००वर साडेपाच मिलिमीटर, आणि सेन्सरची उंची २४. पौर्णिमेच्या आसपास चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, तेव्हा दीपमाळेवर थोडा उजेडही असतो. त्या बांधावर मी दोनदा फसलोय. एकदा ढग, एकदा समोर कुणीतरी बांधलेला गोठा.

झूम आणि चाल एकमेकांपासून किती वेगळी आहेत, हे सिनेमावाल्यांनी दोन्ही एकाच वेळी उलट दिशांना वापरून दाखवलं. हिचकॉकच्या १९५८च्या 'व्हर्टिगो'मध्ये इर्मिन रॉबर्ट्स या छायाचित्रकाराने जिन्याचा जो शॉट घेतला, त्यात कॅमेरा एकीकडे सरकतो आणि लेन्स दुसरीकडे. चौकट जागची हलत नाही, पण जिन्याची खोली डोळ्यांदेखत ताणली जाते आणि बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. पायांनीच झूम होत असतं तर दोन्ही एकमेकांना खोडून काढून पडद्यावर काहीच घडलं नसतं.

मागचं दृश्य धूसर करण्याबद्दलही असाच एक गोंधळ असतो. टेलीने पार्श्वभूमी जास्त धूसर होते म्हणून तिची फोकसची पट्टी, म्हणजे तीक्ष्ण दिसणारा भाग, अरुंद, असं धरून चालतात. माणूस चौकटीत तेवढाच ठेवला आणि ॲपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं भोक, एफ-आकड्यात मोजलेलं) तेच ठेवलं, तर २४ असो की ८५, नाकापासून कानापर्यंत किती भाग तीक्ष्ण राहील यात फार फरक पडत नाही. टेली मागच्या दृश्याचा चिंचोळा तुकडा उचलून मोठा करते, त्यामुळे त्यातली धूसरताही मोठी दिसते. कासच्या पठारावर हे छान कळतं. पायवाटेलगतच्या फुलाशी वाइड लेन्स नेली तर फुलाबरोबर अख्खं पठार, ढग, मागची माणसं सगळं येतं. तेच फूल २०० एमएमने घेतलं तर मागे नुसती जांभळी पुसट रंगछटा उरते. जवळ जायच्या नादात वाटेबाहेर पाऊल टाकून चार फुलं चिरडणाऱ्यांना तिथे मी तोंडावर बोलतो, कॅमेरा केवढ्याचाही असो.

भिगवणला तर पायांचा प्रश्नच मिटतो. उजनीच्या फुगवट्यावर होडी एका मर्यादेपलीकडे नेली की रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उडतात, आणि न नेताच फोटो हवा असतो. तिथे ४००-६०० हाच मार्ग. पण तिथेही होडीवाल्याला थोडं डावीकडे घ्यायला सांगितलं की थव्यामागचं झाड सरकून पक्ष्यांमधून बाहेर येतं. रिंग फिरवून ते झाड कधीच हललं नसतं.

माझी सवय आता अशी झाली आहे की कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधी हात खाली ठेवून चालायचं. पुढचं आणि मागचं, एकमेकांच्या शेजारी हवं तसं दिसेपर्यंत. एक डोळा मिटला की ते जास्त नीट दिसतं. जागा सापडली की मग बघायचं, इथून चौकट किती आवळायची, आणि त्या मापाची लेन्स पिशवीत आहे का. नसली तर क्रॉप. पुष्कळदा ती जागा चहाच्या टपरीसमोर किंवा कुणाच्या तरी फाटकात असते आणि "काय काढताय एवढ्या लांबून?" असा प्रश्न येतो.

मावसभावाने किट लेन्स कपाटातून पुन्हा काढली. ५५च्या पुढे ती जात नाही म्हणून आता त्याला ७०-२०० हवी आहे. किंमत ऐकून मावशीने विचारलं, आधीची काय कमी मोठी होती का.