देवीची लस, मॉस्को आणि वॉशिंग्टन

१९५८ साली जागतिक आरोग्य संघटनेची वार्षिक सभा नेहमीप्रमाणे जिनिव्हात न भरता अमेरिकेत, मिनियापोलिस शहरात भरली. सोव्हिएत संघ तिथे बऱ्याच वर्षांच्या अबोल्यानंतर आला होता. १९४९ मध्ये तो संघटनेतून बाहेर पडला होता आणि नुकताच परतला होता. स्पुटनिक हा सोव्हिएत उपग्रह आकाशात जाऊन वर्षही झालं नव्हतं. अशा वेळी सोव्हिएत उपआरोग्यमंत्री आणि विषाणुतज्ज्ञ विक्तर झ्दानोव बोलायला उभे राहिले आणि त्यांनी दाखला दिला तो अमेरिकेच्याच एका राष्ट्राध्यक्षांचा. थॉमस जेफरसन यांनी १८०६ मध्ये देवीची लस शोधणाऱ्या एडवर्ड जेन्नर यांना लिहिलं होतं की हा किळसवाणा रोग कधीकाळी होता, हे पुढच्या राष्ट्रांना फक्त इतिहासातूनच कळेल. ते आता खरं करून दाखवता येईल, असा झ्दानोव यांचा प्रस्ताव होता. सोबत दरवर्षी लसीच्या अडीच कोटी मात्रा फुकट देण्याची तयारीही होती.

तो रोग म्हणजे आपल्याकडच्या ‘देवी’. अंगावर फोड उठले की ‘देवी आल्या’ म्हणायचं, घरात सोवळं पाळायचं, शीतलादेवीला दहीभात दाखवायचा. लस टोचायला गावात येणारा माणूस ‘देवीडॉक्टर’ आणि लस घेणं म्हणजे ‘देवी काढून घेणं’. आजही साठीच्या पुढच्या कुणाही बाईमाणसाच्या दंडावर नाण्याएवढा खोलगट वण दिसतो. माझ्या आईच्या दंडावर तसे दोन आहेत. लहानपणी मी त्यांवरून बोट फिरवायचो, तेव्हा त्यांच्यामागे केवढं राजकारण झालं होतं याची कल्पनाही नव्हती. भारतात या लशीचं पहिलं टोचणं मुंबईतच झालं, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. युरोपातली लस बगदाद आणि बसरामार्गे, एकाच्या दंडातून दुसऱ्याच्या दंडात अशी जिवंत ठेवत इथवर आणली होती. त्यानंतर एकशेसत्तर वर्षांनीही याच देशात माणसं देवीने मरत होती. विसाव्या शतकात या रोगाने जगात सुमारे ३० कोटी माणसं नेली, असा अंदाज आहे.

झ्दानोव यांचा प्रस्ताव निव्वळ परोपकाराचा नव्हता, आणि मला तीच त्याची खरी ताकद वाटते. सोव्हिएत संघाने आपल्या हद्दीतून देवी १९३०च्या दशकातच घालवल्या होत्या. पण शेजारच्या देशांतून त्या मध्य आशियातल्या प्रजासत्ताकांत पुन्हा पुन्हा यायच्या. शेजाऱ्याकडे रोग आहे तोवर आपल्या प्रत्येक माणसाला टोचत राहणं भाग होतं. ही भीती किती रास्त होती, ते लगेच दिसलं. १९५९च्या डिसेंबरात अलेक्सेई कोकोरेकिन हे नामवंत चित्रकार भारताचा दौरा करून मॉस्कोला परतले, ते देवीचा संसर्ग घेऊन. ते दगावले, त्यांच्यापासून लागण पसरली आणि काही आठवड्यांत मॉस्कोतल्या लाखो लोकांना घाईने लस टोचावी लागली.

ठराव तर मंजूर झाला, पण पुढची सात-आठ वर्षं गाडं जागचं हललं नाही. अमेरिकेचा पैसा आणि मन तेव्हा हिवतापाच्या मोहिमेत गुंतलं होतं. देवीसाठी संघटनेकडे तुटपुंजी रक्कम आणि बोटांवर मोजण्याएवढी माणसं होती. १९६५ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी अमेरिकेचा पाठिंबा जाहीर केला आणि पश्चिम व मध्य आफ्रिकेतल्या देशांची जबाबदारी घेतली. १९६६च्या सभेत मोहिमेसाठी वर्षाला २४ लाख डॉलरची स्वतंत्र तरतूद मतदानाला आली आणि अवघ्या दोन मतांनी तरली. संघटनेचे ब्राझिलियन महासंचालक मार्कोलिनो कँडाऊ यांचा स्वतःचाच या कामावर विश्वास नव्हता. मोहीम फसणार, तर तिचं खापर अमेरिकेच्या डोक्यावर फुटावं, म्हणून प्रमुख अमेरिकनच हवा, असा आग्रह त्यांनी धरला. असे डोनाल्ड हेंडरसन जिनिव्हात आले आणि १ जानेवारी १९६७ पासून मोहिमेला खरा वेग आला. त्या वर्षी जगात देवीचे किमान एक कोटी रुग्ण असावेत, असं मानलं जातं.

इथून पुढची वाटणी कुठल्या शिखर परिषदेत ठरलेली नव्हती. ज्याच्याकडे जे होतं, ते तो देत गेला. सोव्हिएत संघाकडे लस होती. ब्रिटनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये लेस्ली कोलियर यांनी गोठवून सुकवलेल्या लशीची पद्धत बसवली होती. ती लस उन्हाळ्यातही महिनाभर टिकायची, आणि शीतपेटीशिवाय गावोगाव न्यायची तर हेच हवं होतं. तशी लस सोव्हिएत कारखान्यांनी अफाट प्रमाणावर बनवली. १९५८ ते १९७९ या काळात त्यांनी १४० कोटींहून जास्त मात्रा दान केल्या. अमेरिकेचं लसदान त्याच्या सातव्या हिश्शाएवढं, सुमारे १९ कोटींचं. देवीच्या निर्मूलनाची गोष्ट सांगताना अमेरिकन डॉक्टरांची नावं ओघाने येतात, पण या १४० कोटींचा उल्लेख राहून जातो. तो अन्याय आहे.

अमेरिकेकडून माणसं आणि पैसा आला, आणि एक सुई आली. वायेथ कंपनीतल्या बेंजामिन रुबिन यांनी बनवलेली ही सुई बोटाएवढी लांब आणि टोकाला दुभंगलेली. लशीत बुडवून बाहेर काढली की दोन दातांच्या मधे एक थेंब धरून राही. तो दंडावर टेकवायचा आणि त्याच जागी पंधरा झटपट टोचे द्यायचे, रक्ताचा बारीक ठिपका दिसेपर्यंत. दहा-पंधरा मिनिटांत नवख्या माणसालाही हे जमायचं. लस आधीच्या चौथाई लागायची, म्हणजे पंचवीस जणांच्या कुपीत शंभर जण होत. सुया उकळून पुन्हा वापरता येत. कंपनीने या मोहिमेसाठी पेटंटच्या हक्काचे पैसे सोडून दिले. त्याआधी भारतात दंडावर दातेरी चकती दाबून फिरवत. तिची जखम मोठी व्हायची आणि लोक देवीडॉक्टर दिसला की शेतात पळायचे.

सुई अमेरिकन, लस सोव्हिएत आणि दंड भारतीय, हे दृश्य मोठ्या प्रमाणावर दिसलं ते १९७४ मध्ये. सगळ्यांना सरसकट टोचण्यापेक्षा रुग्ण हुडकायचा आणि त्याच्याभोवतालच्या लोकांना टोचून कडं करायचं, ही पद्धत अमेरिकन डॉक्टर विल्यम फेगी यांनी पूर्व नायजेरियात लस कमी पडली तेव्हा शोधली होती. भारतात १९७३च्या शरद ऋतूत ती घरोघरच्या शोधाच्या रूपाने सुरू झाली. हजारो कर्मचारी देवी आलेल्या बाळाच्या चित्राचं कार्ड दाखवत दारोदार विचारत फिरू लागले. आणि शोध सुरू होताच लपलेले रुग्ण इतके सापडले की मोहीमच फसल्यासारखी दिसली. १९७४ मध्ये देशात सुमारे १ लाख ८८ हजार रुग्णांची नोंद झाली. त्यांतले सर्वाधिक बिहारमध्ये होते. मे महिन्यात एकीकडे रेल्वेचा संप, दुसरीकडे पोखरणची अणुचाचणी. अणुस्फोट घडवणाऱ्या देशात माणसं देवीने मरतात, असं परदेशी वर्तमानपत्रं लिहू लागली. बिहारच्या मंत्र्यांना पुन्हा सरसकट टोचणीकडे वळायचं होतं. फेगी यांनी नंतर सांगितलेला एक प्रसंग आहे. मंत्र्यांबरोबरच्या बैठकीत एक भारतीय डॉक्टर उठून म्हणाला की आमच्या गावात एखाद्या घराला आग लागली तर आम्ही सगळ्या घरांवर पाणी ओतत नाही, जळणाऱ्या घरावर ओततो. मंत्र्यांनी आणखी एक महिना दिला. तेवढा पुरला.

दिल्लीत एम. आय. डी. शर्मा, महेंद्र दत्ता यांसारखे अधिकारी, त्यांच्याबरोबर फ्रेंच-स्विस निकोल ग्रासे, चेकोस्लोव्हाकियाचे झ्देनेक येझेक, शिवाय सोव्हिएत आणि अमेरिकन साथतज्ज्ञ एकाच जिपांमधून हिंडत होते. व्हिएतनाम युद्धाच्या त्या काळात हे चालू होतं. संशयित रुग्णांचे नमुने तपासायला दोन मुख्य प्रयोगशाळा होत्या, एक अटलांटात आणि एक मॉस्कोत. मॉस्कोत स्वेतलाना मारेन्निकोवा हे काम बघत. रोग्याच्या दाराशी पहारा बसे आणि रुग्ण कळवणाऱ्याला बक्षीस मिळे. रुग्ण दुर्मीळ होत गेले तशी ही रक्कम शेवटी हजार रुपयांवर गेली. मे १९७५ मध्ये आसामातल्या करीमगंजला भारतातली शेवटची रुग्ण सापडली. ती बांगलादेशातून आलेली होती. त्याच वर्षाअखेर बांगलादेशच्या भोला बेटावर तीन वर्षांच्या मुलीत उग्र प्रकारच्या देवीची जगातली शेवटची नैसर्गिक नोंद झाली. सौम्य प्रकार आफ्रिकेच्या शिंगात उरला होता. १९७७ मध्ये तिथे इथिओपिया आणि सोमालियाचं युद्ध पेटलेलं असताना, आणि दोन्ही महासत्ता मित्र बदलत असताना, सोमालियातल्या मेर्का गावी ऑक्टोबरात अली माओ मालिन या रुग्णालयातल्या स्वयंपाक्याला देवी आल्या. तो बरा झाला आणि साखळी तुटली.

८ मे १९८० रोजी जगातून देवी गेल्याची घोषणा झाली. साडेचार महिन्यांपूर्वी सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या होत्या आणि अमेरिका मॉस्को ऑलिंपिकवर बहिष्काराच्या तयारीत होती.

आता जे सांगायचं ते जड जातं, पण ते वगळलं तर इतिहास अर्धा राहील. जैविक अस्त्रांवर बंदी घालणाऱ्या १९७२च्या करारावर दोन्ही देशांच्या सह्या होत्या. तरी सोव्हिएत संघ गुपचूप देवीच्या विषाणूचंच अस्त्र बनवत होता. ते नव्वदच्या दशकात त्या कार्यक्रमातून बाहेर पडलेल्या शास्त्रज्ञांनी जगाला सांगितलं. ज्या देशाने १४० कोटी मात्रा वाटल्या, त्यानेच. लस बनवणारे आपलं काम मनापासून करत होते, हे त्याने खोटं ठरत नाही. पण परस्परविश्वास होता म्हणून हे सहकार्य टिकलं, असंही म्हणता येत नाही. दोघांच्याही गरजेचं एक काम होतं आणि ते मोजता येत होतं. किती गावांत रुग्ण, किती कुप्या, नमुना होकारार्थी की नकारार्थी, यावर खोटं बोलायला फारशी जागा नव्हती.

निर्मूलनानंतर इतर देशांनी आपापले विषाणूचे साठे नष्ट केले किंवा सोपवून दिले. १९८४ पासून ते अधिकृतपणे फक्त दोन ठिकाणी आहेत, अमेरिकेत अटलांटाला आणि रशियात, १९९४ पासून सायबेरियातल्या कोल्त्सोवोला. ते नष्ट करण्याची मुदत १९९३ होती. मग ती १९९५ झाली, मग १९९९, आणि नंतरही पुढेच ढकलली गेली. संशोधनासाठी ते हवेत, असं दोन्ही देश म्हणतात, आणि या मुद्द्यावर त्यांचं अनेकदा एकमत झालं आहे. जागतिक आरोग्य संघटनेचं पथक ठरावीक काळाने दोन्हीकडे जाऊन तिथली सुरक्षा तपासून येतं.