डेंग्यू दुसऱ्यांदा होतो तेव्हा

गणपती येऊन गेले की डेंग्यूचे पेशंट वाढायला लागतात, आणि त्यासोबत एक वाक्य हमखास कानावर येतं: "मला मागे होऊन गेलाय, आता काय परत होत नाही, बॉडीत अँटीबॉडीज तयार झाल्यात." हे वाक्य गोवराबद्दल असतं तर अगदी बरोबर होतं, कांजिण्यांबद्दलही बऱ्यापैकी खपलं असतं. डेंग्यूच्या बाबतीत मात्र गाडी उलट्या दिशेने जाते. डेंग्यू परत होतो, चारदासुद्धा होऊ शकतो, आणि ज्याच्या रक्तात आधीच्या डेंग्यूच्या अँटीबॉडीज आहेत त्यालाच दुसऱ्या वेळी तो जास्त जड जायची शक्यता असते. आणि जड जातो त्याला बऱ्याच अंशी कारण त्या अँटीबॉडीजच.

डेंग्यूचा लॅब रिपोर्ट कधी हातात आला असेल तर आठवून बघा, त्यात साधारण तीन ओळी असतात, एनएस१, आयजीएम आणि आयजीजी. एनएस१ हे व्हायरसचं स्वतःचं प्रोटीन, ते सापडलं म्हणजे व्हायरस आत्ता अंगात आहे. आयजीएम म्हणजे ताज्या अँटीबॉडीज, तापाच्या चौथ्या-पाचव्या दिवसाच्या आसपास दिसायला लागतात. आयजीजी या मुरलेल्या अँटीबॉडीज, पहिल्याच डेंग्यूत त्या उशिरा येतात आणि मग वर्षानुवर्षं राहतात. आपल्याकडे घरातले सगळे पहिली ओळ बघतात आणि तिथून थेट प्लेटलेटच्या आकड्यावर उडी मारतात. पण तापाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच आयजीजी पॉझिटिव्ह असेल तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ हाच की हा व्हायरस किंवा त्याचा एखादा भाऊबंद या शरीराने आधी पाहिलेला आहे, पेशंटला ते आठवत नसलं तरी. आठवत नाही यात नवल काहीच नाही, कारण २०१३ साली आलेल्या एका मोठ्या अंदाजानुसार जगात वर्षाला ३९ कोटी लोकांना डेंग्यूची लागण होते आणि त्यातल्या साधारण ९ कोटी ६० लाख लोकांनाच दिसण्याजोगी लक्षणं येतात. बाकीच्यांना पत्ताच लागत नाही, किंवा दोन दिवसांची कणकण समजून ते अंगावर काढतात.

तर मुळात डेंग्यू हा एक व्हायरस नाही, चार आहेत, डेंग्यू-१ ते डेंग्यू-४. कण केवढा तर ५० नॅनोमीटरचा, म्हणजे एका मिलिमीटरच्या रांगेत असे वीस हजार बसतील. आत आरएनएचा एक धागा, त्यावर साधारण १०,७०० अक्षरं, आणि एवढ्या मजकुरात फक्त दहा प्रोटीनं. हा धागा कॉपी करणारं एन्झाइम व्हायरस स्वतःच बनवतो आणि ते धांदरट असतं, साधारण दहा हजार ते लाखभर अक्षरांमागे एक चूक करतं, आणि आपल्या पेशीतल्या डीएनएला जसं मागून तपासून चुका दुरुस्त करणारं खातं आहे तसं इथे काही नाही. परिणामी एका पेशंटच्या रक्तात एकसारखे व्हायरस नसतातच, थोड्या थोड्या फरकांचा घोळका असतो. बहुतेक चुका व्हायरसच्याच मुळावर येतात, एखादी चालून जाते, तशा चालून गेलेल्या चुका साठत साठत हे चार प्रकार एकमेकांपासून लांब गेले. आज त्यांच्या प्रोटीनांमध्ये तीस-पस्तीस टक्के फरक आहे. हा आकडा लक्षात ठेवा, सगळी गोम त्यात आहे. म्हणजे चार प्रकार इतके सारखे नाहीत की एकाची अँटीबॉडी दुसऱ्याला गारद करेल, आणि इतके वेगळेही नाहीत की ती दुसऱ्याला चिकटणारच नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अल्बर्ट सेबिन यांनी (पुढे पोलिओच्या तोंडावाटे द्यायच्या थेंबांमुळे जगभर माहीत झाले तेच) स्वयंसेवकांना डेंग्यूची मुद्दाम लागण करून बघितली होती. आज असा प्रयोग करायला कुठलीही एथिक्स कमिटी सहजासहजी हो म्हणणार नाही, पण त्यातून कळलं ते असं की एका प्रकारची लागण झाली की त्याच प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण मिळतं, दुसऱ्या प्रकारापासून मात्र दोन-तीन महिनेच. त्यानंतर काय होतं ते कळायला अजून वीस वर्षं जायची होती.

आता मला ज्याच्यासाठी हा लेख लिहायचा होता तो भाग. अँटीबॉडी इंग्रजी वाय अक्षरासारखी असते हे शाळेत चित्रात पाहिलेलं असतं. वरचे दोन हात व्हायरसला धरतात. खालच्या दांड्याचं काय? तो दांडा मॅक्रोफेज, मोनोसाइट अशा भक्षक पेशींसाठी असतो, या पेशींच्या अंगावर तो दांडा पकडणारे रिसेप्टर असतात. अँटीबॉडीने व्हायरसला धरलं, दांडा मॅक्रोफेजने धरला, मॅक्रोफेजने सगळं मिळून गिळलं, आत आम्ल आणि एन्झाइमांनी फडशा पाडला, अशी ती व्यवस्था आहे आणि बहुतेक जंतूंच्या बाबतीत ती झकास चालते.

डेंग्यूची अडचण अशी की त्याला मुळात मोनोसाइट आणि मॅक्रोफेजमध्येच वाढायचं असतं. शिवाय पेशीने गिळल्यावर तो ज्या इवल्याशा पिशवीत बंद होतो तिच्यात जे आम्ल वाढतं त्याचीच तो वाट बघत असतो. त्याच्या कवचावर ई नावाच्या प्रोटीनच्या १८० प्रती दोन-दोनच्या जोड्यांनी आडव्या झोपलेल्या असतात, आम्ल लागलं की जोड्या सुटतात, तीन-तीनचे गट उभे राहतात, टोकाशी असलेला एक छोटा चिकट भाग पिशवीच्या पडद्यात रुततो, दोन्ही पडदे एकमेकांत मिसळतात आणि आरएनए पेशीत मोकळा होतो. मग पेशीचेच रायबोसोम तो वाचून साधारण ३,४०० अमिनो आम्लांचं एक लांबलचक प्रोटीन बनवतात, त्याचे तुकडे पडून दहा प्रोटीनं होतात आणि आरएनएच्या प्रती निघायला लागतात.

म्हणजे अँटीबॉडी नीट बसली असेल तर हे उलगडणंच अडतं आणि व्हायरस मरतो. पण नीट बसणं म्हणजे किती? डेंग्यूचा जवळचा नातेवाईक असलेल्या वेस्ट नाइल व्हायरसवर हे मोजलेलं आहे, त्यात एका चांगल्या अँटीबॉडीच्या साधारण ३० प्रती एका कणावर बसल्या की तो निकामी होतो. त्याहून कमी बसल्या तर व्हायरस जिवंत राहतो आणि वर दांडेही असतात! म्हणजे ज्या पेशीत शिरायला त्याला एरवी दार शोधावं लागलं असतं, तिने स्वतःच त्याला दांड्याला धरून आत घेतलं. चोराला पकडून पोलीस चौकीत आणावं आणि त्याने तिथेच संसार थाटावा, तसला प्रकार. जास्त पेशींना लागण, प्रत्येक पेशीतून नवे व्हायरस, रक्तात व्हायरसचं प्रमाण वाढतं. याला अँटीबॉडी-डिपेंडंट एनहान्समेंट म्हणतात, थोडक्यात एडीई.

यातही एक आतली गोष्ट आहे, जरा किचकट आहे पण मला ती सगळ्यात आवडते. नवा व्हायरस पेशीतून बाहेर पडायच्या आधी त्याच्या ई प्रोटीनवर पीआरएम नावाच्या दुसऱ्या प्रोटीनचं टोपण असतं, नाहीतर तो बाहेर पडता पडताच वाटेतल्या आम्लाने उलगडून वाया जाईल. बाहेर जायच्या वाटेवर फ्युरिन नावाचं आपलंच एक एन्झाइम हे टोपण कापतं आणि व्हायरस पक्का होतो. डेंग्यूत हे कापकाम अर्धवट होतं. कितीतरी कण अर्धे टोपण लावलेले, काही पूर्ण कच्चे बाहेर पडतात. कच्चा कण एरवी निरुपयोगी, त्याला पेशीला धडपणे चिकटताही येत नाही. पण आपलं शरीर या टोपणाविरुद्धही भरपूर अँटीबॉडीज बनवतं, आणि टोपण चारही प्रकारांत बरंच सारखं असल्याने त्या चारही प्रकारांना चिकटतात आणि मारत मात्र एकालाही धड नाहीत. त्या कच्च्या कणाला दांडा लावून मॅक्रोफेजमध्ये पोचवतात, आत गेल्यावर पिशवीतलं फ्युरिन उरलेलं टोपण कापतं, आणि जो कण मेल्यात जमा होता तो कामाला लागतो. उत्क्रांतीला काही अक्कल नसते, कोणी बसून हा डाव आखलेला नाही. पण हे अर्धवट कापकाम पिढ्यानपिढ्या टिकून राहिलंय, त्याअर्थी व्हायरसला त्यात फार तोटा नसावा.

हे कळलं कसं? १९६० च्या दशकात बँकॉकमध्ये स्कॉट हॉलस्टेड नावाचे अमेरिकन डॉक्टर मुलांमधला रक्तस्रावी डेंग्यू बघत होते. गंभीर केसेस दोन गटांत सापडत होत्या. एक, दुसऱ्यांदा लागण झालेली मुलं. आणि दुसरा गट विचित्र होता, एक वर्षाच्या आतली तान्ही बाळं, ज्यांची ही पहिलीच लागण होती. दोन्हींत समान काय? अँटीबॉडीज. बाळाला त्या आईकडून वारेतून मिळालेल्या होत्या. जन्मतः त्या भरपूर म्हणून बाळ सुरक्षित, नंतर पार संपल्या की बाळ इतरांसारखंच, आणि मधल्या काही महिन्यांत, म्हणजे साधारण सहाव्या महिन्यानंतर, त्या जेमतेम उरलेल्या असताना धोका. पुढे १९७७ मध्ये हॉलस्टेड यांनी प्रयोगशाळेत पेशींवर हे दाखवूनही दिलं.

पण ज्यांना आकड्यांशिवाय चैन पडत नाही त्यांच्यासाठी क्युबा. १९७७ साली तिथे डेंग्यू-१ ची मोठी साथ आली, सौम्य होती, आली आणि गेली. १९८१ मध्ये डेंग्यू-२ आला आणि ३ लाख ४४ हजार लोक आजारी पडले, दहा हजारांवर गंभीर, १५८ मृत्यू, त्यात १०१ मुलं. त्यानंतर सरकारने डासांविरुद्ध अशी काही मोहीम काढली की पुढची बरीच वर्षं डेंग्यू जवळपास नव्हताच. मग १९९७ ला सँटियागो दे क्युबा शहरात पुन्हा डेंग्यू-२ शिरला, आणि या वेळी गंभीर केसेस जवळपास सगळ्या मोठ्या माणसांत! कारण १९८१ नंतर जन्मलेल्या मुलांना पहिली लागण झालेलीच नव्हती. आणखी एक, चार वर्षांच्या अंतराने दुसरा डेंग्यू झाला त्यापेक्षा वीस वर्षांच्या अंतराने झाला तेव्हा तो जास्त घातक ठरला. निकाराग्वात आठ हजारांवर मुलांचा बारा वर्षं पाठपुरावा करून २०१७ मध्ये हेच मोजून दाखवलं, अँटीबॉडीज खूप असलेल्या मुलांना धोका कमी, अजिबात नसलेल्यांना कमी, आणि मधल्या एका ठरावीक पट्ट्यात असलेल्यांना गंभीर डेंग्यूचा धोका साडेसात पट.

गैरसमज नको, दुसऱ्यांदा डेंग्यू झालेली बहुतेक माणसं ठणठणीत बरी होतात, गंभीर होणारे थोडेच. आणि पहिल्या वेळीही गंभीर होऊ शकतो. शक्यतांचं बोलतोय.

आता पपईच्या पानांच्या रसाचा विषय काढावाच लागणार. सोबत किवी, ड्रॅगन फ्रूट, आणि साथीत भाव गगनाला भिडलेलं बकरीचं दूध. डेंग्यूत प्लेटलेट पडतात आणि आठवड्याभरात बहुतेकांच्या आपोआप चढायला लागतात, त्यामुळे सहाव्या दिवशी जे काही पाजलं असेल त्याला श्रेय मिळतं. पपईच्या पानांवर छोट्या चाचण्या झाल्यात, काहींत प्लेटलेटचा आकडा थोडा लवकर वर आलेला दिसतो, पण माणूस डेंग्यूत बहुधा प्लेटलेटच्या आकड्याने मरत नाही. रक्तवाहिन्यांच्या भिंती पाझरतात, रक्तातलं पाणी बाहेर जातं, रक्त घट्ट होतं, बीपी कोसळतं, तो खरा धोका. एनएस१ प्रोटीन या भिंतींचं अस्तर खराब करतं, आणि खवळलेल्या पेशींनी सोडलेली रसायनं त्यात भर घालतात. गंमत म्हणजे हे होतं ते साधारण ताप उतरताना, तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, जेव्हा रक्तातला व्हायरस कमी व्हायला लागलेला असतो आणि घरचे म्हणतात सुटलो एकदाचे. त्या वेळी पोटात खूप दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून रक्त, गळून जाणं यातलं काहीही दिसलं तर आकडा ८० हजार आहे की ४० हजार यावर चर्चा न करता हॉस्पिटल गाठायचं, तिथे मोजून-मापून दिलेलं सलाईन जीव वाचवतं. रक्तस्राव नसताना नुसता आकडा बघून प्लेटलेट चढवण्याचा उपयोग होत नाही हे सिंगापूर-मलेशियातल्या चाचणीने २०१७ मध्ये दाखवलंय, वर साइड इफेक्ट जास्त होतात ते वेगळंच. आणि इम्युनिटी बूस्टर विकणाऱ्यांना एकदा विचारायला पाहिजे, नेमकी कुठली इम्युनिटी बूस्ट करताय, ती व्हायरसला दांडा लावणारी का?

लशीचं घोडं अडलं तेही इथेच. सनोफी कंपनीची डेंगव्हॅक्सिया ही पहिली मंजूर लस, फिलिपाइन्सने एप्रिल २०१६ मध्ये ती शाळकरी मुलांना द्यायला सुरुवात केली, आठ लाखांवर मुलांना दिली. नोव्हेंबर २०१७ मध्ये कंपनीनेच जाहीर केलं की ज्यांना आधी डेंग्यू झालेलाच नाही त्यांना लस घेतल्यानंतर लागण झाली तर आजार जास्त गंभीर होऊ शकतो. म्हणजे अशा मुलांच्या शरीराने लशीलाच पहिला डेंग्यू समजलं. मोहीम थांबली, आणि तिथल्या पालकांचा सगळ्याच लशींवरचा विश्वास इतका उडाला की २०१९ मध्ये गोवराची मोठी साथ आली. पुढे कोरोनाच्या वेळी हाच एडीई शब्द उचलून लशींविरुद्ध फॉरवर्ड फिरले. कोरोनाचं मुख्य घर श्वासमार्गातल्या पेशी, मॅक्रोफेज नव्हे, आणि अब्जावधी डोस दिल्यावरही तसा प्रकार दिसलेला नाही.

भारतात आयसीएमआर आणि पॅनेशिया बायोटेक यांनी डेंगीऑल या एका डोसच्या लशीची तिसऱ्या टप्प्याची चाचणी २०२४ मध्ये सुरू केली, दहा हजारांवर प्रौढांवर, दोन वर्षं पाठपुरावा. ती चारही प्रकारांच्या कमकुवत केलेल्या खऱ्या डेंग्यू व्हायरसांची आहे, डेंगव्हॅक्सियाचा सांगाडा पिवळ्या तापाच्या लशीचा होता, डेंग्यूचं फक्त वरचं कवच, त्यामुळे हिच्याकडून जास्त अपेक्षा ठेवायला जागा आहे. माझी शंका एवढीच की डेंगव्हॅक्सियाच्या चाचण्यांमध्ये लहान मुलांतला धोका दिसला तो तिसऱ्या वर्षी, आणि आपल्याकडे २०१७-१८ च्या देशव्यापी सर्वेक्षणात १८ ते ४५ वयाच्या निम्म्याहून जास्त लोकांच्या रक्तात आधीच डेंग्यूच्या अँटीबॉडीज होत्या, पाच ते आठ वर्षांच्या मुलांत मात्र २८ टक्क्यांच्या आसपास. म्हणून निकाल छापून येतील तेव्हा एकूण किती टक्के संरक्षण मिळालं या आकड्याआधी मी, ज्यांची आयजीजीची ओळ सुरुवातीला कोरी होती त्यांचं काय झालं, तो तक्ता शोधणार आहे.