कंत्राटी सफाई कामगार (मुंबई)

मुंबई महानगरपालिकेच्या घनकचरा व्यवस्थापन विभागासाठी रस्ते झाडणारे आणि कचऱ्याच्या गाड्या भरणारे, पण पालिकेच्या आस्थापनेवर नसलेले कामगार. बहुतेक जण दलित समाजातले. अनेकांची गावे मराठवाड्यात. चौकीवर हजेरी लागणाऱ्या कायम कामगाराला वेतनश्रेणी, भरपगारी रजा आणि लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार वारसाला नोकरी मिळते. कंत्राटी कामगारही तसाच कचरा उपसतो, पण त्याच्या हाती दिवसाची मजुरी, तीही पुष्कळदा किमान वेतनापेक्षा कमी. गमबूट, हातमोजे, साबण यांसाठीही त्याला भांडावे लागले आहे.

कंत्राटी कामगार (नियमन व निर्मूलन) अधिनियम, 1970 मूळ स्वरूपात 20 किंवा अधिक कामगार असतील तिथेच लागू होता. म्हणून कामाचे तुकडे पाडून ते त्याहून कमी माणसांच्या छोट्या कंत्राटांत वाटले गेले. पुढे ‘हैदराबाद पॅटर्न’ आला. त्यात कंत्राटदाराच्या जागी स्वयंसेवी संस्था आली, कामगाराचा ‘स्वयंसेवक’ झाला आणि मजुरीचे ‘मानधन’. हा बदल निव्वळ शब्दांचा मानणे चूक आहे. कामगार हे नाव गेले की भविष्य निर्वाह निधी, अपघाताची भरपाई, सुट्टीचा पगार हे सगळे मागण्याचा आधारच जातो. काम नेमून देणारा मुकादम मात्र पालिकेचाच, गाडीची वेळ आणि रस्ताही पालिकाच ठरवणार.

नेमका हाच मुद्दा मिलिंद रानडे यांच्या नेतृत्वाखालील कचरा वाहतूक श्रमिक संघाने न्यायालयात लावून धरला. कंत्राटे हा देखावा आहे, खरा मालक पालिकाच, असे औद्योगिक न्यायाधिकरणाने 2014 मध्ये ठरवले आणि 2,700 कामगारांना कायम करण्याचा आदेश दिला. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2016 मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने 7 एप्रिल 2017 रोजी तो उचलून धरला.

अंमलबजावणी तरीही रखडली. यादीतले नाव आणि ओळखपत्रावरचे नाव यांच्या स्पेलिंगमध्ये फरक निघाला, एवढ्यावरून अनेकांना पुन्हा कागद गोळा करत फिरावे लागले. ज्यांना वर्षानुवर्षे हजेरीचा पुरावाच दिला गेला नव्हता, त्यांच्याकडे पुरावा मागणे हा अन्यायच होता. दरम्यान नव्या निविदा निघतच राहिल्या. 2025 मध्ये पालिकेने कचरा गोळा करण्याचे आणि वाहतुकीचे काम सेवा कंत्राटाने, म्हणजे गाड्या आणि माणसे दोन्ही कंत्राटदाराचीच, देण्याचे ठरवले, तेव्हा कायम कामगारांच्या संघटनाही विरोधात उतरल्या.