दिसलं होतं, पण बोलायचं कोणी? वैद्यकीय पथकातल्या उतरंडीची पार्श्वभूमी

रुग्णालयातल्या गंभीर चुकांची चौकशी झाली की एक गोष्ट वारंवार समोर येते. काहीतरी बिनसतंय हे तिथे हजर असलेल्या कुणाच्या तरी लक्षात आलेलं असतं. फक्त ती व्यक्ती हुद्द्याने खालची असते.

खालच्या हुद्द्यावरची माणसं चुकीचा आदेशही कशी पाळतात, हे 1966 साली अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ चार्ल्स हॉफलिंग यांनी एका प्रयोगातून दाखवून दिलं. वॉर्डात फोन येतो. अनोळखी ‘डॉक्टर’ सांगतात, अमुक रुग्णाला ॲस्ट्रोटेन 20 मिलिग्रॅम द्या, सही मी आल्यावर करतो. डबीवर स्पष्ट लिहिलेलं, दिवसाची कमाल मात्रा 10 मिलिग्रॅम. फोनवरून असा आदेश घेणंही नियमाबाहेरचं. तरीही 22 पैकी 21 परिचारिका ते औषध द्यायला निघाल्या. (औषध बनावट, निरुपद्रवी होतं आणि त्यांना वेळीच थांबवण्यात आलं.) हाच प्रसंग दुसऱ्या 12 परिचारिकांना नुसता कागदावर दिला, तेव्हा 10 जणींनी ‘देणार नाही’ असं सांगितलं. म्हणजे उणीव ज्ञानाची नव्हती. म्हणूनच अशा चुकीनंतर ‘पुन्हा प्रशिक्षण द्या’ एवढ्यावर थांबणारा अहवाल अपुरा वाटतो.

उपाय सापडला विमानवाहतुकीत. 27 मार्च 1977 रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावर धावपट्टीवर दोन विमानांची टक्कर होऊन 583 माणसं गेली. उड्डाणासाठी वेग घेतलेल्या विमानाच्या फ्लाइट इंजिनिअरने (कॉकपिटमधला, कॅप्टनच्या हाताखालचा तंत्रज्ञ) ‘ते दुसरं विमान बाजूला झालं नाही का?’ असं विचारलं होतं. कॅप्टनने ‘झालं’ म्हटलं आणि विषय तिथेच मिटला. शंका प्रश्नाच्या आडून मांडली की ती अशी सहज झटकली जाते. पुढे वैमानिकांच्या पथकांना शंका स्पष्ट मांडण्याचं आणि वरिष्ठांना ती ऐकून घेण्याचं प्रशिक्षण सुरू झालं. भूलशास्त्राने ते उचललं. 2006 साली अमेरिकेत आलेल्या टीमस्टेप्स या प्रशिक्षणात तर चढत्या पायऱ्याच ठरवून दिल्या: ‘मला काळजी वाटते’, ‘मला हे पटत नाही’, ‘हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे’. शंका किमान दोनदा मांडायची. तरी दाद मिळाली नाही तर थेट वरच्या अधिकाऱ्याकडे जायचं.

पण नुसते शब्द शिकवून भागत नाही, थांबवण्याचा अधिकार द्यावा लागतो. अमेरिकेतले डॉक्टर पीटर प्रोनोव्होस्ट यांनी सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत जाणारी नळी, घालण्यासाठी पाच पायऱ्या ठरवल्या: हात धुणं, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने त्वचा स्वच्छ करणं, गाउन-मास्क आणि पूर्ण निर्जंतुक चादर, शक्यतो जांघेतली शीर टाळणं, गरज संपताच नळी काढणं. पायरी चुकली तर डॉक्टरांना थांबवायची मुभा परिचारिकांना मिळाली. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या अतिदक्षता विभागांत जंतुसंसर्गाचं मध्यक प्रमाण दर हजार नळी-दिवसांमागे (एका रुग्णाला एक दिवस नळी, म्हणजे एक नळी-दिवस) 2.7 वरून शून्यावर आलं.

जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रिया सुरक्षा यादी 2008 ची. आठ शहरांतल्या चाचणीत मृत्यूचं प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 वर आलं. मात्र कॅनडातल्या ऑन्टारियोत यादी सक्तीची झाल्यावर, 101 रुग्णालयांच्या 2014 मधल्या अभ्यासात लक्षणीय फरक दिसला नाही. सक्तीने यादीवर खुणा मिळतात; बोलणं मिळेलच असं नाही. छेद घेण्याआधी प्रत्येकाने आपलं नाव आणि काम मोठ्याने सांगायचं, ही त्या यादीतली पायरी बऱ्याचदा गाळली जाते, आणि तीच आम्हाला मोलाची वाटते: एकदा आवाज फुटलेला माणूस तासाभराने ‘सर, थांबा’ म्हणायला कमी कचरतो.