आईची वही आणि तिच्यामागचं बडोदं

आई गेली तेव्हा तिला त्र्याण्णवावं वर्ष चालू होतं. तेराव्याला आलेल्या बायकांपैकी निम्म्या माझ्या ओळखीच्याही नव्हत्या. एकीच्या नवऱ्याच्या पेन्शनचे कागद आईने केले होते, एकीला मुलीच्या बाळंतपणात महिनाभर डबा पोचवला होता. सगळ्या म्हणत होत्या, "त्यांचा स्वभावच तसा होता हो." स्वभाव होताच. पण दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या भागांत त्या पिढीच्या अशा कितीतरी बायका मी पाहिल्या आहेत. इतक्या जणींचा स्वभाव एकसारखा कसा, हे शोधायचं तर आजीपर्यंत मागे जावं लागतं.

आजीला शाळेत घातलं ते दंडाच्या भीतीने. अमरेलीकडे १८९३ साली सुरू केलेला मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये सगळ्या बडोदे राज्याला लागू केला. मूल शाळेत धाडलं नाही तर आईबापांना दंड. मुलींसाठी ही सक्ती सात ते दहा या वयाची, म्हणजे जेमतेम तीन वर्षांची. पणजोबांना मुलीच्या शिक्षणात काही रस नव्हता, पण दंड भरायचीही तयारी नव्हती. त्या तीन वर्षांवर आजी पुढे जन्मभर पोथी वाचत राहिली, आणि माहेरी-सासरी आलेलं प्रत्येक पत्र वाचून दाखवायचं काम तिच्याकडे आलं. शेजारणीही पत्रं घेऊन यायच्या. आमच्या घरातली 'समाजसेवा' तिथे सुरू झाली, असं मी मानते. तेव्हा तिला कुणी ते नाव दिलं नव्हतं.

आजीची एक नणंद, आम्ही तिला आत्याआजी म्हणायचो, सोळाव्या वर्षी विधवा झाली. १९०४ साली बडोद्यात बालविवाहाला बंदी करणारा कायदा झाला, तरी लग्नं लवकर लागतच होती. आत्याआजीला आधार मिळाला तो चिमणाबाई स्त्री उद्योगालयात. महाराणी दुसऱ्या चिमणाबाईंनी १९१४ साली ते सुरू केलं. तिथे ती शिवण शिकली आणि स्वतःची कमाई घरात आणू लागली. आई सांगायची, आत्या महिन्याचे पैसे आजोबांच्या हातावर ठेवायची तेव्हा आजोबा उठून उभे राहायचे. हे सांगताना प्रत्येक वेळी आईचा आवाज बदलायचा. याच चिमणाबाई १९२७ च्या जानेवारीत पुण्यात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाच्या अध्यक्ष होत्या. आमच्या घरात मात्र त्यांची ओळख 'आत्याला शिवण शिकवणाऱ्या राणीसाहेब' एवढीच होती, आणि ती पुरेशी होती.

सयाजीराव ६ फेब्रुवारी १९३९ रोजी गेले तेव्हा आई सात वर्षांची होती. शाळा सुटल्यावर मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीतून पुस्तकं आणणं हा तिचा छंद. तिथल्या काचेच्या मजल्यांवर पाय ठेवायला मैत्रिणी घाबरायच्या, ही गोष्ट तिने नातवंडांनाही सांगितली.

१ मे १९४९ रोजी बडोदे राज्य मुंबई प्रांतात विलीन झालं. त्याच वर्षी महाराजा सयाजीराव विद्यापीठ सुरू झालं आणि हंसाबेन मेहता तिथल्या पहिल्या कुलगुरू झाल्या. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात 'सर्व पुरुष'ऐवजी 'सर्व माणसं' असा शब्द यावा म्हणून आग्रह धरणाऱ्या त्या याच हंसाबेन. आईला कॉलेजात जायचं होतं. पुढच्याच वर्षी तिचं लग्न ठरलं. त्याबद्दल ती कधी कडवट बोलली नाही, पण मी होम सायन्सला जाणार हे मी जन्मायच्या आधीच ठरलं होतं, एवढं नक्की.

विलीनीकरणानंतर मराठी कुटुंबांपुढे एक साधी पण रोजची अडचण उभी राहिली. राज्याच्या नोकरीतले पुरुष वारलेले, मागे राहिलेल्या बायकांना मराठी वाचता यायचं, पण सरकारी कागद गुजरातीत किंवा इंग्रजीत. १९६० साली गुजरात वेगळं झाल्यावर तर गुजरातीशिवाय भागेनाच. आईला दोन्ही लिप्या हातच्या होत्या. दुपारची झाकपाक झाली की ती अर्ज भरायला बसायची. पेन्शन चालू राहावी म्हणून दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला दहा-बारा जणींना घेऊन जायची, आणि त्यासाठी तिने एक वही केली होती: नाव, पेन्शनचा नंबर, दाखला दिल्याची खूण.

या वहीतल्या बहुतेक बायका विधवा होत्या, आणि चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला त्यांना कुणी बोलवत नव्हतं. कायद्याने बालविवाह थांबवायचा प्रयत्न केला, पण हळदीकुंकवाच्या पाटावर कुणी बसायचं हे बायकाच ठरवत होत्या. एका वर्षी आईने भगिनी मंडळात सांगितलं की आमच्या घरी यंदा सगळ्यांना बोलावणं आहे, आत्याही येणार आहे. आंब्याची डाळ, पन्हं आणि प्रत्येकीला मोगऱ्याची फुलं. त्या वर्षी चौघी-पाच जणी आल्याच नाहीत. पुढच्या वर्षी त्यांतल्या दोघी आल्या. मला विचाराल तर आईने केलेलं सगळ्यात अवघड काम हे होतं, अर्ज भरणं नव्हे.

३१ जुलै २०१९ ला बडोद्यात एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस झाला आणि विश्वामित्री नदी गावात शिरली. आई तेव्हा सत्त्याऐंशीची. तिने ओट्याशी खुर्ची मागवली आणि पुरात अडकलेल्यांसाठी बसल्या बसल्या सुखडी, म्हणजे गूळ-कणकेच्या वड्या, थापली. गुळाचा पाक कधी उतरवायचा ते कुणालाच जमत नाही म्हणून.

ती वही आता माझ्याकडे आहे. त्यातल्या चौघी हयात आहेत. गेल्या नोव्हेंबरात त्यांना मी घेऊन गेले. आता बोट मशीनवर ठेवावं लागतं. तिघींचं काम झालं. चौथीने जन्मभर लोकांची भांडी घासली आहेत, तिच्या बोटांच्या रेषाच मशीनला दिसत नाहीत. तिच्या नावापुढची खूण अजून व्हायची आहे. सोमवारी परत जाणार आहोत.