पार्श्वभूमी: एलएसचे रंग आणि एका अंडरस्कोरचा घोळ

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलची डिझाइन करणाऱ्या एका मित्राला जकार्ड मागाच्या जेसी५ या डिझाइन फायली टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, पिवळ्या दिसायला हव्या होत्या. तिथे फायलींची यादी दाखवते ती ‘एलएस’ ही कमांड; तिचे रंग ठरवणारी, नेटवरून उचललेली ओळ त्याने चिकटवली. रंग काही बदलला नाही.

१९७१ च्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये एलएस होती, रंग नव्हते. रंगांचे आकडे सत्तरच्या दशकात ठरले: अक्षरांना ३० ते ३७, पार्श्वभूमीला ४० ते ४७. १९७८ च्या व्हीटी१०० टर्मिनलने असे संकेत रुळवले, पण तो स्वतः एकरंगीच.

घोळ त्यानंतरचा. लिनक्सवरची एलएस रंगांची यादी एलएस_कलर्स या व्हेरिएबलमधून, म्हणजे नाव दिलेल्या सेटिंगमधून, वाचते. त्यात ‘डीआय=०१;३४’ म्हणजे फोल्डर ठळक निळा. फायलीच्या एक्स्टेंशनलाही रंग देता येतो; बीएमपी मुळातच जांभळट असते. बीएसडी (युनिक्सची एक शाखा) आणि मॅकवर मात्र व्हेरिएबल एलएसकलर्स, मधला अंडरस्कोर गायब. त्यात आकडे नाहीत, अक्षरांच्या ११ जोड्या: पहिले अक्षर मजकुराचे, दुसरे पार्श्वभूमीचे, आणि कोणती जोडी कशाची हे फक्त क्रमावरून कळायचे. मूळ सेटिंग ‘ईएक्स’ने सुरू होते, म्हणजे निळा फोल्डर. लिनक्सच्या यादीत तेच ‘ईएक्स’ म्हणजे चालवता येणारी फाइल! जोड्यांची पद्धत आटोपशीर आहे, हे मान्य. पण तिच्यात एक्स्टेंशनला जागाच नाही, आणि दिवसभर डिझाइन फायली चाळणाऱ्याला हवे असते नेमके तेच. पुढे २५६ रंग आले, मग पूर्ण आरजीबी. दोन नावे तशीच राहिली.

मित्राचे मशीन लिनक्सचे, आणि त्याने चिकटवलेली ओळ मॅकची निघाली. ती बदलली, घरच्या फोल्डरात जेसी५ पिवळी झाली. गिऱ्हाइकाच्या एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या पद्धतीच्या, डिस्कवर मात्र सगळ्या फायली हिरव्या आणि फोल्डर हिरव्या पट्टीवर निळे. ती डिस्क माउंट करताना, म्हणजे सिस्टिमला जोडताना, सगळ्यांना सगळ्या परवानग्या मिळाल्या होत्या, म्हणून एलएसच्या लेखी प्रत्येक फाइल चालवण्याजोगी. तसे एकदा ठरले की एलएस एक्स्टेंशन बघतच नाही. फायलींच्या आणि फोल्डरांच्या परवानग्या कमी करणारे एफमास्क १३३ आणि डीमास्क ०२२ हे पर्याय देऊन डिस्क पुन्हा माउंट केली, तेव्हा तिथेही पिवळा रंग उमटला.