ईपीएबीएक्स

कार्यालयातील अनेक फोन मोजक्या बाह्य लाइनींवर चालवणारे आणि ते आपापसांत जोडून देणारे स्वयंचलित इलेक्ट्रॉनिक केंद्र. टेबलावरच्या फोनला एक्स्टेंशन आणि दूरध्वनी कंपनीकडून येणाऱ्या लाइनीला ट्रंक म्हणतात. इंटरकॉमवरील, म्हणजे एका एक्स्टेंशनवरून दुसऱ्यावरचे, बोलणे इमारतीबाहेर जात नसल्याने त्याचे शुल्क पडत नाही.

मुंबईतील पहिले सार्वजनिक दूरध्वनी केंद्र ओरिएंटल टेलिफोन कंपनीने १८८२ मध्ये सुरू केले. तारखेबाबत मतभेद आहेत. काही संदर्भग्रंथ २८ जानेवारी १८८२ ही एकच तारीख कलकत्ता, मद्रास व मुंबई या तिन्ही शहरांना लावतात. इतरांच्या मते ती कलकत्त्याची असून मुंबईचे केंद्र त्याच वर्षी मागाहून सुरू झाले. तिन्ही शहरांचे काम एकाच कंपनीकडे असल्याने केंद्रांची घोषणा आणि प्रत्यक्ष सेवेचा आरंभ यांची सरमिसळ झाली असणे संभवते. त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. १९४३ मध्ये सरकारने ही सेवा ताब्यात घेतली आणि १९८६ पासून ती महानगर टेलिफोन निगमकडे आली. कार्यालयांत ईपीएबीएक्सच्या आधी फोन जोडण्याचे बोर्ड असत; त्यांत ऑपरेटर हाताने तारेच्या दोऱ्या खोचून जोडण्या करीत. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेने लहान डिजिटल केंद्रे देशातच विकसित केली.

रिसीव्हर उचलला की तारेचे मंडल पूर्ण होते, सुमारे ४८ व्होल्टच्या पुरवठ्यातून प्रवाह वाहतो आणि केंद्र डायल टोन देते. बहुतेक ठिकाणी ० किंवा ९ दाबल्यावर मोकळी ट्रंक मिळते. एक लाइन गुंतलेली असल्यास येणारा फोन आपोआप पुढच्या लाइनीवर नेण्याच्या सोयीला हंटिंग म्हणतात. साध्या तांब्याच्या ट्रंकेवर समोरच्याने फोन ठेवल्याची खूण कार्यालयातील केंद्राला मिळणे महत्त्वाचे असते. ती बहुधा तारेची ध्रुवता (धन-ऋण बाजू) उलटवून दिली जाते. ही सोय लाइनीवर सुरू नसेल, तर बोलणे संपूनही ट्रंक अडकून राहते. ‘लाइन हँग होते’ या तक्रारीत दोष पुष्कळदा यंत्राचा नसून या खुणेचा असतो, हे यंत्र बदलण्याआधी तपासावे. पीआरआय या अनेक संभाषणे एकत्र नेणाऱ्या डिजिटल जोडणीत खुणांसाठी स्वतंत्र वाहिनी असल्याने हा प्रश्न उद्भवत नाही, सेकंदाला २.०४८ मेगाबिटच्या एका जोडणीवर एकाच वेळी ३० संभाषणे चालतात.

निवडीत खरा विचार ट्रंकांच्या संख्येचा. त्याचे गणित डॅनिश अभियंता ए. के. एर्लांग यांनी १९०९ पासूनच्या लेखांत मांडले. समजा, काळबादेवीतील एका कापडपेढीत गर्दीच्या तासाला ३० फोन येतात-जातात आणि प्रत्येक फोन सरासरी ४ मिनिटे चालतो. म्हणजे तासाला १२० मिनिटे बोलणे, अर्थात २ एर्लांग भार (एक ट्रंक तासभर सतत गुंतली तर तो १ एर्लांग). या भाराला ५ ट्रंका ठेवल्यास शंभरातील जवळजवळ ४ फोनांना लाइन मिळत नाही, ६ ठेवल्यास एकाहून किंचित अधिक फोनांना, ७ ठेवल्यास क्वचितच एखाद्याला. भार दुप्पट झाला तर ट्रंका दुप्पट लागत नाहीत: ४ एर्लांगला ९ ट्रंका असल्या, तरी अडणारे फोन शंभरात दीडच्या आतच राहतात. मात्र हे सूत्र अडलेला माणूस पुन्हा फोन लावत नाही असे धरते. पेढीवर गिऱ्हाईक लगेच पुन्हा लावतेच, म्हणून एक लाइन अधिक घेणे शहाणपणाचे. हिशेब दिवसाच्या सरासरीवर न करता गर्दीच्या तासावरच करावा. अनेक कार्यालये इथेच चुकतात.

ईपीएबीएक्सचा नवा प्रकार असलेला आयपी-पीबीएक्स संभाषण संगणकीय जाळ्यावरून, लहान लहान तुकड्यांत (पाकिटांत) नेतो. आवाज अंकांत बदलण्याच्या जी.७११ या पद्धतीत मूळ आवाजाला सेकंदाला ६४ किलोबिट लागतात, पण प्रत्येक पाकिटावर पत्ता वगैरे लिहिलेल्या शीर्षकांमुळे प्रत्यक्षात प्रत्येक दिशेला ८० ते १०० धरावेत. पावसाळ्यात भूमिगत तांब्याच्या केबलींत पाणी शिरून लाइनीवर खरखर येते. फायबरवरील जोडणीला हा त्रास नाही. पण वीज गेली की फायबरचे मोडेम, स्विच आणि फोन सारेच बंद पडतात, तर साधी तांब्याची लाइन दूरध्वनी कंपनीच्या केंद्रातील बॅटरीवर चालू राहते. आयपी यंत्रणा घेताना यूपीएसचा खर्च तिच्याच किमतीत धरावा आणि सुरक्षारक्षकाच्या टेबलापाशी निदान एक तांब्याची लाइन राखावी.